एका दिवसाची घोडनदी

आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी खुर्दला बाहेरची माणसं बहुतेक कामानं येतात. २००९ साली सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथं आहे, तंत्रनिकेतन आहे. मुलाला वसतिगृहात सोडायला आईवडील येतात, लग्नाला, जत्रेला पाहुणे येतात. काम उरकतं आणि हाताशी एक मोकळा दिवस उरतो. मग यादी सुरू होते : शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, भीमाशंकर, नाणेघाट, खोडदची रेडिओ दुर्बीण. सगळं एका दिवसात उरकता येईल असं वाटण्याइतकं जवळ. म्हणूनच बहुतेकांचा दिवस गाडी लावायला जागा शोधण्यात आणि ‘चला, नाहीतर पुढचं राहील’ म्हणण्यात संपतो.

या यादीतली एकही जागा कमी मोलाची नाही. शिवनेरीला तर स्वतंत्र दिवस द्यावा आणि सातही दरवाजे पायी चढून जावं. पण दिवस एकच असेल, तर माझं सांगणं असं की यादी बाजूला ठेवा आणि घोडनदी धरा. अवसरीचा सगळा मुलूख याच नदीच्या खोऱ्यातला. ती पश्चिमेला आहुप्याच्या परिसरात सह्याद्रीच्या कड्याशी उगम पावते, डिंभ्याच्या धरणात अडते, घोडेगावावरून येते, कळंबला पुणे-नाशिक महामार्गाखालून जाते आणि शिरूरकडे वळते. उगमापासून कळंबच्या पुलापर्यंतचं अंतर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. पण एवढ्या टप्प्यात पाऊस बदलतो, झाडं बदलतात, पिकं बदलतात, घरांची छपरं आणि माणसांचं पोट भरण्याची रीतसुद्धा बदलते. एवढ्या थोडक्या अंतरात इतकं काही बदललेलं दिसावं, अशा जागा जगात फार नाहीत.

पहाटे निघा आणि आधी सगळ्यात लांबचं टोक गाठा. अवसरीहून मंचर, घोडेगाव, डिंभे करत आहुप्याला जायचं. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, पण डिंभ्यानंतर रस्ता डोंगराच्या कडेकडेनं वळणं घेत जातो, म्हणून दोन तास धरा. वाटेत थांबू नका. जाताना जे मागं पडेल ते येताना पुन्हा भेटणार आहे, आणि तेव्हा ते जास्त कळेल, कारण तुम्ही पाण्याच्या दिशेनं उतरत असाल.

आहुपे गाव संपलं की थोड्या वेळात जमीनच संपते. समोर सात-आठशे मीटर खाली मुरबाडचं कोकण पसरलेलं असतं. गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, कोकणातून मान वर करून पाहावे लागतात ते, इथून खाली पाहावे लागतात. कोकणातल्या माणसाला सह्याद्री हा डोंगर वाटतो. इथं उभं राहिलं की कळतं, तो एका अफाट पठाराची तुटलेली कड आहे. पूर्वेकडे, म्हणजे तुमच्या पाठीमागं, जमीन हलक्या उतारानं मंचरकडे, नगरकडे, पार आंध्रापर्यंत उतरत जाते. पश्चिमेला ती एका दमात खाली कोसळते.

समोरच्या भिंती नीट पाहा. आडव्या रेघा दिसतील, एकीवर एक, भाकऱ्यांची चवड रचावी तशा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. मग काही काळ शांतता. त्या काळात वरचा दगड झिजला, त्याची माती झाली, आणि पुन्हा नवा लाव्हा त्या मातीवरून वाहत गेला. काही ठिकाणी दोन थरांच्या मधे विटेसारखा लाल पट्टा दिसतो. ती त्या शांततेच्या काळातली माती, वरून आलेल्या लाव्ह्याखाली भाजून निघालेली. प्रत्येक थर सारखा टणकही नाही. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, हे वाचायला फार सोपं जातं : जिथं काळी उभी भिंत तिथं कठीण पाषाण, जिथं गवताचा हिरवा पट्टा तिथं मऊ, सच्छिद्र थर. मऊ थर आधी झिजतो, वरच्या कठीण थराचा आधार जातो आणि तो सरळसोट तुटतो. सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या देहाचं कारण एवढंच. आता दरीच्या पलीकडची भिंत पाहा. तिथलेही थर साधारण त्याच उंचीवर, त्याच क्रमानं दिसतात. मधली सगळी पोकळी एकेकाळी दगडानं भरलेली होती. ती पाण्यानं कोरून नेली.

आणि ते पाणी कुठून आलं, हे कळायलाही हीच जागा. पावसाळी वारा अरबी समुद्रावरून बाष्पानं जड होऊन येतो. समुद्र इथून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. मधलं कोकण वाऱ्याला फारसं अडवत नाही. मग एकदम ही भिंत आडवी येते. मागचा वारा ढकलत असतो, पुढं वाट नसते, म्हणून हवा वर चढते. उंचीवर दाब कमी, म्हणून ती फुगते. फुगली की थंड होते. थंड हवेत तेवढं बाष्प मावत नाही आणि ते ढग होऊन कोसळतं. कड्याच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. कडा ओलांडला की तीच हवा उतारानं खाली येते, दाबली जाऊन तापते आणि ढग विरत जातात. अवसरी-मंचरच्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस ढोबळमानानं सहाशे-सातशे मिलिमीटर. ज्या रस्त्यानं तुम्ही दोन तासांत आलात, त्याच्या दोन टोकांत पावसाचा चौपटीहून जास्त फरक आहे.

कड्याच्या अगदी माथ्यावर एक अदृश्य रेघ आहे. तिच्या पश्चिमेला पडलेला थेंब कड्यावरून उडी घेतो, उल्हास नदीच्या खोऱ्यात शिरतो आणि काही दिवसांत अरबी समुद्राला मिळतो. तिच्या पूर्वेला, हातभर अंतरावर पडलेला थेंब समुद्राकडे पाठ फिरवून घोडनदीत येतो. घोड भीमेला मिळते. भीमा उजनीवरून पंढरपूरला जाते, तिथं वारकरी तिला चंद्रभागा म्हणतात. पुढं ती कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरते. शेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकी एकाला समुद्र पाऊणशे किलोमीटरवर, दुसऱ्याला हजार किलोमीटरहून दूर. हे मला वाचून माहीत होतं. कड्यावर उभं राहिल्यावर मात्र ते अंगावर आलं.

भर पावसाळ्यात गेलात तर इथं दृश्य बहुधा मिळणार नाही, सगळं ढगात असतं. पण वारा जोरात असला आणि क्षणभर पडदा हटला, तर कड्यावरून पडणारं पाणी खाली न जाता वर उडताना दिसू शकतं. नाणेघाटातला असा उलटा धबधबा पाहायला हजारो लोक जातात, पण तो चमत्कार एकट्या नाणेघाटाचा नाही. पावसाचा मोठा थेंब हवेतून पडताना सेकंदाला सुमारे नऊ मीटर एवढाच वेग गाठतो. त्याहून जास्त हवेचा अडथळा त्याला पडू देत नाही. मिलिमीटरभराचा छोटा थेंब तर सेकंदाला चारच मीटरनं पडतो, म्हणजे ताशी चौदा-पंधरा किलोमीटर. भिंतीवर आदळून वर वळलेला वारा याहून वेगात असला की थेंबाला खाली यायची सोयच राहत नाही. मोठ्या धबधब्याची जाड धार वाऱ्याला जुमानत नाही, बारीक धार फुटून तिचे थेंब होतात आणि ते वर जातात. म्हणून उलटे धबधबे नेहमी बारीक ओढ्यांचे असतात.

सकाळीच कड्यावर पोचण्याचा आग्रह मी एका गोष्टीसाठी धरतो. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पावसाळा सरताना कोकणात धुकं दाटलेलं असतं. अशा वेळी कडेपासून सुरक्षित अंतर राखून उभे असताना तुमची सावली खालच्या धुक्यावर पडली, तर तिच्या डोक्याभोवती रंगीत गोल कडं उमटतं. हे इंद्रवज्र. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ साली इथून उत्तरेला असलेल्या हरिश्चंद्रगडावर ते पाहिल्याची नोंद आहे. धुक्यातले सूक्ष्म थेंब प्रकाश आल्या दिशेनं परत फेकतात आणि त्यात रंग वेगळे होतात, म्हणून कडं नेमकं सूर्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे तुमच्याच सावलीभोवती दिसतं. शेजारी उभ्या असलेल्याला त्याच्या स्वतःच्या सावलीभोवती दिसतं, तुमच्या नाही. ते दिसेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण दुपारी बाराला पोचणाऱ्याला ते दिसण्याची शक्यताच उरत नाही, एवढं खरं.

कड्याखालून एक पाऊलवाट वर येते, खोपिवलीहून चढणारा आहुपे घाट. १६७० च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून निघाला. वाटाड्याच्या चुकीनं त्याला सरळ नाणेघाटाऐवजी या अवघड घाटानं चढावं लागलं आणि परतताना तो नाणेघाटानं उतरला, असं जुनं गॅझेटियर सांगतं. त्याचा जुन्नरचा मुक्काम लांबचा नव्हता. पण तेवढ्यात तो शिवनेरीवर जाऊन आला, गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढा साठा असल्याचं त्यानं लिहून ठेवलं, वाटेतली गावं आणि माणसं टिपली. त्याचा प्रवासग्रंथ १६९८ साली लंडनमध्ये छापला गेला आणि तीनशे वर्षांनंतरही शिवनेरीवर लिहिणाऱ्याला फ्रायरचं नाव टाळता येत नाही. थोडक्या मुक्कामात पाहणं कशाला म्हणतात, याचं याहून चांगलं उदाहरण या तालुक्यात मला माहीत नाही.

कड्यावरून मागं वळलं की झाडी लागते. आहुपे भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत येतं. १९८५ साली झालेलं हे अभयारण्य शेकरूसाठी, महाराष्ट्राच्या राज्यप्राण्यासाठी. शेकरू शोधायची असेल तर जमिनीवर पाहू नका, ती झाडावरून झाडावर जाते आणि फांद्यांच्या टोकाला मोठाली घरटी बांधते. आधी घरटं शोधा, मग गप्प बसा. आणि इथली देवराई पाहा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शहरातल्या वाचकालाही कळलं की गावदेवाच्या धाकानं राखलेल्या या तुकड्यांत जुनं सदाहरित रान अजून उभं आहे. देवराईत शिरताच हवा थंड होते आणि पायाखाली पालापाचोळ्याचा जाड थर लागतो. पावसाचं पाणी उतारावरून पळून न जाता जिथं जमिनीत मुरतं, ती हीच जागा. त्यातून झरा निघतो आणि तो बऱ्याचदा उन्हाळ्यातही टिकतो.

इतक्या पावसाच्या मुलखात झऱ्याचं एवढं कौतुक का? कारण कड्याजवळच्या अनेक वाड्यांना मे महिन्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. मातीचा थर पातळ, खाली अखंड कातळ, उतार तीव्र. तीन हजार मिलिमीटर पडतो आणि धावत खाली जातो. इथले महादेव कोळी समाजाचे लोक भात, नाचणी, वरई पिकवतात आणि उन्हाच्या दिवसांत हिरड्याच्या झाडावर चढून बाळहिरडा गोळा करतात. कोवळं फळ झोडून, वाळवून विकायचं. औषधाच्या व्यापारात त्याला भाव असतो. रोख पैशाचा तो मोठा आधार. वाटेत कुठं हिरडा वाळत घातलेला दिसला तर थांबा आणि विचारा. माणसं आपुलकीनं सांगतात.

याच खोऱ्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी गावावरचा डोंगर खचला आणि १५१ माणसं गेली. गाव नाहीसं झाल्याची खबर बाहेर पोचली ती एसटीच्या चालकाकडून. तो नेहमीच्या वाटेनं आला आणि समोर गावच नव्हतं. कुजून मऊ झालेल्या दगडावरची माती सलग पावसानं पाणी पिऊन जड झाली आणि उतारावर तिला धरून ठेवणारं काही राहिलं नाही. या डोंगरांचं सगळं रूप झीज आणि कोसळणं यांनीच घडवलेलं आहे, आणि त्यांच्या पायथ्याशी माणसं राहतात. जिथं गाव होतं तिथं स्मृतिस्तंभ आहे. फोटोसाठी नको, पण नमस्कारासाठी तिथं थांबावं.

दुपारी डिंभ्याला या. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर नाव आहे. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणी कामगार होते आणि १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापड नेणाऱ्या लॉरीपुढं उभे राहून त्यांनी प्राण दिले. जलाशयाची साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी, आणि त्याच्या तळाशी जुनं आंबेगाव आहे. तालुक्याला ज्या गावानं नाव दिलं ते गावच पाण्याखाली गेलं. कचेऱ्या घोडेगावात, नाव मात्र आंबेगावचं राहिलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की जुन्या वस्तीचे अवशेष वर येतात. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पळून जाणारं पाणी इथं अडतं आणि कालव्यांनी वर्षभर खाली जातं.

ते कुठं जातं हे पाहायला घोडेगावापासून पुढं गाडी हळू चालवा. भाताची खाचरं मागं पडतात, साग आणि बाभळी लागतात, मग ऊस सुरू होतो. सहाशे-सातशे मिलिमीटरच्या मुलखात ऊस! डोंगरावर पडलेला पाऊस इथं मुळांशी पोचलाय. उसाच्या मागोमाग बिबट्या आला. ऊस जवळपास वर्षभर उभा असतो, दाट असतो, त्यात सावली असते, गावातली कुत्री आणि शेळ्या हाताशी असतात. बिबट्याची मादी तिथंच पिलं घालते. त्या पिलांनी जंगल कधी पाहिलेलंच नसतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढं आलं की जुन्नर वन विभागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले. जुन्नरजवळ माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे. संध्याकाळनंतर उसाच्या कडेनं एकटं फिरू नका, मुलांना पुढं पळू देऊ नका. ही इथल्या प्रत्येक घरातली रोजची शिस्त आहे, पाहुण्यांनीही ती पाळावी.

दिवस उरला तर कळंबच्या पुलावर घोड पाहून घ्या, नाहीतर अवसरी घाटातल्या वनोद्यानात या. घाटाच्या दक्षिणेला सातगाव पठार, बटाट्यासाठी नाव कमावलेलं. तिथला खरिपाचा बटाटा पावसाच्या भरवशावर येतो. सकाळी ज्या ढगांचा हिशेब कड्यावर पाहिला, त्यातली उरलेली वाटणी ही.

हा सगळा दिवस फार महागाचा नाही. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ सर्वांत चांगला. सोनकीची पिवळी फुलं आणि स्वच्छ हवा दोन्ही मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस चालू असेल तर डिंभ्याच्या पुढं जाऊ नका. आहुप्याला एसटी जाते, पण फेऱ्या मोजक्या, वेळ आधी विचारून घ्या. गावात जेवायचं असेल तर आदल्या दिवशी निरोप द्या आणि पैसे देताना घासाघीस करू नका. कड्याच्या टोकावर बसून फोटो काढू नका. ओल्या गवताखाली दगड सुटा असतो. आणि डिंभ्याच्या वर प्लास्टिकची एकही बाटली, एकही पुडी टाकून येऊ नका. तिथं टाकलेलं पहिल्या पावसात ओढ्यात येतं, आणि त्याच पाण्यावर खालच्या गावांची शेतं आणि घागरी भरतात.